मायनर थर्टीन्थ: धैवत अखेर जागेवर बसला

कीबोर्डवरच्या मायनर कॉर्डांपैकी (कॉर्ड म्हणजे एकत्र दाबलेले सूर) नाइन्थ आणि इलेव्हन्थ मागच्या नोंदींत झाले. थर्टीन्थ, म्हणजे नववा, अकरावा आणि तेरावा सूरही जोडलेला कॉर्ड, मात्र अडून बसला होता. (इथे सी म्हणजे षड्ज.) सी मायनर थर्टीन्थ दाबावा आणि कानावर एफ सेव्हन पडावा! कारण कोमल गंधार (ई फ्लॅट) आणि शुद्ध धैवत (ए) यांच्यात सहा सेमीटोन (अर्धे सूर) आहेत आणि नेमकी हीच जोडी एफ सेव्हनचा कणा आहे. वर मध्यम, म्हणजे एफ, घातला की कान त्यालाच षड्ज धरतो. म्हणून थर्टीन्थमध्ये इलेव्हन्थ, म्हणजे हाच एफ, गाळायचा, हे आधी ठरलं.

तरी खरखर उरलीच. तिचा उलगडा सांगली-मिरजेकडच्या पेटीवाल्यांना पटकन कळेल. या कॉर्डचे पूर्ण सात सूर म्हणजे अख्खा काफी थाट (सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नी). काफीत अर्ध्या सुराच्या जोड्या दोनच: रे आणि कोमल ग, ध आणि कोमल नी. जोडीतला रे किंवा ध खाली राहिला तर अंतर एक नाहीतर तेरा सेमीटोन. तेराचं सगळ्यात जास्त बोचतं. तोच सूर जोडीदाराच्या वर नेला की अंतर अकरा होतं आणि टोचणीची चकाकी होते.

मांडणी अशी (मधला सी म्हणजे सी४, आकडा सप्तकाचा; बोटांत अंगठा १, करंगळी ५):
डावा हात: सी३, जी३, बी फ्लॅट३. बोटं ५-२-१.
उजवा हात: ई फ्लॅट४, ए४, डी५. बोटं १-३-५.

बी फ्लॅट ते ए अकरा, ई फ्लॅट ते डी अकरा. दोन्ही जोड्या उलट्या झाल्या, खाली सी-जीचा पंचम घट्ट, आणि एफ सेव्हनचा भास गेला. काय सुंदर वाजतो हा कॉर्ड! फक्त डावा हात सप्तकभर खाली नेऊ नका. तिथे जी२ आणि बी फ्लॅट२ यांच्यात जेमतेम १९ हर्ट्झचा फरक उरतो आणि नुसती गुरगुर ऐकू येते.

तानपुरा लावून रियाज करणाऱ्यांना इथे एक अडचण येईल. खर्ज (सगळ्यात खालचा सा) सी२ असेल तर त्याचा स्वयंभू गंधार, म्हणजे तारेतून आपोआप निघणारा पाचवा हार्मोनिक, ई४ च्या जागी बोलतो आणि आपला ई फ्लॅट४ त्याला घासतो. मिरजेचा जवारीदार (झणकार देणारा) तानपुरा असेल तर हे आणखी स्पष्ट ऐकू येतं. या सरावापुरता साधा मेट्रोनोम बरा.

पुढे बाराही मूळ सूर पंचमचक्राने, म्हणजे दर वेळी पंचमाने पुढे जात, घ्यायचे ठरलं होतं. ते आता बदलायला हवं, कारण खरी अडचण उजव्या अंगठ्याची आहे. पांढरी एकमध्ये (मूळ सूर सी) अंगठा काळ्या पट्टीवर पडतो आणि पूर्ण पंजा आत सरकवावा लागतो. काळी एकमध्ये (सी शार्प) तोच अंगठा पांढऱ्या ई वर निवांत बसतो. म्हणजे गायकांची काळी एक इथे पांढरी एकपेक्षा सोपी! त्यामुळे आधी अंगठा पांढरीवर पडणारे सात मूळ सूर: काळी एक, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, पांढरी सहा, पांढरी सात. उरलेले पाच नंतर. ट्रान्सपोजचं (पट्टी बदलणारं) बटण वापरू नका. त्याने कान फसतो आणि बोटं काहीच शिकत नाहीत.

सूर लांबवणारा (सस्टेन) पेडल घेताना चौकोनी डबीवजा स्विच टाळा, गुळगुळीत फरशीवर तो पळतो. खाली रबर असलेला, पियानोसारखा पेडलच घ्या. पाय उचलल्यावर सूर लांबत असतील तर पोलॅरिटी, म्हणजे पेडलच्या चालू-बंदची दिशा, उलटी आहे. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, त्यावर पाय न ठेवता चालू करा. बऱ्याच कीबोर्डांत तेवढ्याने जमतं.

लिहिता लिहिता सुचलं: आसावरी थाटाचा कोमल धैवत (ए फ्लॅट) घेऊन हीच युक्ती चालेल का? जोडी आता प आणि कोमल ध. प वर नेला तर खरखर जाते, पण कॉर्ड ए फ्लॅट मेजर सेव्हनकडे झुकतो. डाव्या हातातला जी३ तसाच ठेवून, कोमल धैवत अगदी हलका दाबून बघायचं आहे. सात सुरांच्या आधी हेच घेऊ.