उर्वशीखालची मूठ

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘थंडी पडली, यंदा राणीच्या बागेत झाडं दाखवायला कधी नेताय?’ तीन वर्षं हेच. गुडघ्यांचं कारण सांगून झालं. गुडघे ठणठणीत आहेत.

जानेवारीतला रविवार. मुंबईची थंडी, म्हणजे निम्मे स्वेटरात, निम्मे टी-शर्टात. आम्ही वीसेक जण. पेंग्विनची रांग चुकवून आधी घारापुरीच्या दगडी हत्तीपाशी. 1864 साली साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला. तुकडे जोडून आता इथे उभा आहे. हे मी फार रंगवून सांगायचे. मग उर्वशी. मूळची ब्रह्मदेशची, पण शास्त्रीय नाव लेडी ॲम्हर्स्टवरून. कोवळी पानं तांबूस, ओल्या चिंध्यांसारखी लोंबणारी, आणि त्यांच्यात लाल फुलांचे घोस, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका.

झाडाखाली एक बाई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. आमच्यातले नव्हेत, पेंग्विन बघून परतणारे. मुलाच्या मुठीत लाल काहीतरी.

“अहो, तोडता कशाला? झाड काय तुमच्या घरचं आहे?”

“पडलेलं होतं, ताई.”

“सगळे असंच म्हणतात.”

बाईंनी मुलाची मूठ उघडली. फूल कालचं होतं. कडा तपकिरी, देठाला दोन मुंग्या. त्यांनी ते बुंध्याशी ठेवलं, देवापुढे ठेवावं तसं, आणि मुलाला घेऊन गेल्या. मुलगा मागे वळून बघत होता. फुलाकडे नाही, माझ्याकडे. माफी मागायला चार पावलं पुरली असती. मी पुढच्या झाडाची माहिती सुरू केली.

माझीही बाजू आहे. घोस ओरबाडलेले मी पाहिलेत. झाडं जपायची तर वाईटपणा घ्यावाच लागतो, असं तेव्हाची मी ठणकावून सांगेल. हो बाई, पण कुणाशी घेतलास? त्याच सकाळी आपल्यातल्या एकाने फोटोसाठी फांदी वाकवली होती. त्याला तू हसून म्हणालीस, ‘सांभाळून हं, सर.’

बाग सुटलेली नाही. एकटी जाते. परवा उर्वशीखाली एक मुलगी पडलेली फुलं वेचत होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. मग तिने टाचा उंचावून घोसालाच हात घातला. मी काही बोलले नाही. तेही बरोबर केलं असं वाटत नाही.