एचआर करून नोकरी लागते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, लागते. पण एवढं ऐकून सगळे समाधानानं फोन ठेवतात. लागलेली नोकरी कसली असते, हे पुढे कुणी विचारत नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, शिकलेल्यांना पहिली नोकरी बहुतेक वेळा भरतीत मिळते. दिवसभर पोर्टलवर बायोडाटे चाळायचे, फोन लावायचे, "नोटीस पीरियड किती? सध्याचा पगार किती, अपेक्षा किती?" एवढं विचारून एक्सेलमध्ये भरायचं. कित्येकदा ही नोकरी कंपनीत नसतेच, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत असते आणि तिथे टार्गेट डोक्यावर असतं. कामगार संबंध, वेतनरचना, कामगिरीचं मूल्यमापन, हे सगळं शिकलेलं त्यात जवळजवळ कुठेच येत नाही. कॉलेजच्या तक्त्यात मात्र 'प्लेसमेंट झाली' असं लिहिलं जातं, आणि ते खोटंही नसतं.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "माणसांशी गोड बोलायचं काम, त्याला डिग्री कशाला?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. साधी मुलाखत घ्या. गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीपेक्षा, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण दिले, तर माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज जास्त बरोबर येतो. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन हे 1998 मध्येच मांडलं. तरी आजही साहेब लोक "मला माणूस बघताक्षणी कळतो" म्हणत माणसं घेतात. त्यांना अडवायला शिकलेलंच माणूस लागतं. पण हेही मान्य करते, की वकिलीला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, एचआरच्या खुर्चीत बसायला तसं काहीच लागत नाही. इंजिनिअर बसतो, कॉमर्सवाला बसतो. आमच्या पदवीनं ती जागा आमच्यासाठी राखलेली नाही.

आता ज्या प्रसंगानंतर मी एका शब्दात उत्तर देणं बंद केलं, तो सांगते.

माझी वर्गमैत्रीण आणि मी एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच पगारावर लागलो. तिला भरती मिळाली, मला पेरोल, म्हणजे पगाराचे हिशोब. मला भरतीच हवी होती. पण तिची माणूस हेरायची हातोटी मी वर्गात पाहिली होती, त्यामुळे तिची निवड योग्यच होती. कंपनी वाढत होती तोवर प्रत्येक विभागप्रमुखाच्या तोंडी तिचं नाव असे. मग कामं आटली आणि नवी भरती थांबवल्याचा मेल आला. भरतीतली माणसं जुने बायोडाटे लावत बसली, हाताला काम आहे असं दिसावं म्हणून.

पुढे कमी करायच्या लोकांची यादी आली. ती माझ्याकडे आली, कारण फुल अँड फायनलचा, म्हणजे जाणाऱ्याच्या शेवटच्या देण्याघेण्याचा हिशोब पेरोलच करतं. तिचं नाव त्यात होतं. त्याच दुपारी ती जेवायला माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुला काही कळलंय का गं?" मी "नाही" म्हणाले. पेरोलच्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही. पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच म्हणेन. ती काही न बोलता अर्ध्या जेवणावरून उठली.

तिचा हिशोब मी स्वतः केला. नोटीसचा पगार धरला, लॅपटॉप जमा झाल्याची नोंद पाहिली, शिल्लक रजेचे पैसे काढायला घेतले. त्यात अर्धा दिवस कमी दिसत होता. तारीख बघितल्यावर लक्षात आलं, त्या दिवशी ती आमच्याच कॉलेजमध्ये मुलं निवडायला गेली होती. ते कंपनीचं काम, पण सिस्टीममध्ये रजा म्हणून पडलं होतं. मी तिच्या साहेबांच्या मागे लागून मंजुरी आणली आणि तो अर्धा दिवस हिशोबात घातला. माझ्या हातात तेवढंच होतं.

आम्ही दोघी एकाच पदवीच्या, कॉलेजच्या प्लेसमेंटच्या टक्केवारीत दोघीही सारख्याच. फरक टेबलाचा. भरती थांबली की भरतीवाल्यांचं काम संपतं, पगार मात्र शेवटचा कर्मचारी असेपर्यंत करावाच लागतो. हे आमच्याच कंपनीत घडलं असंही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं 11,000 हून जास्त लोक कमी केले, तेव्हा तिचे प्रमुख झुकेरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना उघड लिहिलं होतं, की पुढच्या वर्षी माणसं कमी घ्यायची असल्यानं भरती विभागाला जास्त झळ बसेल. शिवाय एचआरच्या जागा मुळातच मोजक्या. शंभर कर्मचाऱ्यांमागे एखाद-दुसरा एचआरचा माणूस, आणि वरच्या जागा त्याहून कमी.

मग पेरोल धरा, असं सांगू का? कॉलेजमधली मी पेरोलला कारकुनी म्हणायची. तिला मी आज म्हणते, त्याच कारकुनीनं तुला तारलं. ती उलट विचारते, टिकलीस, पण वर कुठे गेलीस? याला माझ्याकडे उत्तर नाही. मैत्रीण आज दुसरीकडे प्रशिक्षण विभागात आहे आणि माझ्याहून वरच्या पदावर आहे. शिवाय मे 2023 मध्ये आयबीएमचे प्रमुख अरविंद कृष्णा म्हणाले, की एचआरसारख्या, ग्राहकांशी थेट संबंध नसलेल्या कामांतली नवी भरती थांबेल किंवा मंदावेल आणि त्यातली 30 टक्के कामं पाच वर्षांत एआय करू शकेल. माझं टेबलही त्यातच येतं.

तेव्हा कॉलेजला नुसती प्लेसमेंटची टक्केवारी विचारू नका. ब्रिटनमध्ये पदवीधरांना आधी सहा महिन्यांनी विचारायचे, आता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण 15 महिन्यांनी विचारतात, की सध्या काय करता. तुम्हीही तसंच विचारा: दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधले आज एजन्सीत किती, कंपनीत किती, एचआर सोडून गेले किती? सांगता आलं नाही, तर त्या टक्केवारीवर विसंबू नका. आणि एवढं वाचूनही तुमच्या मुलीला एचआरच करायचं असेल, तर तिला माझा नंबर द्या. पगारपत्रक कसं तयार होतं ते मी तिला शेजारी बसवून दाखवेन. भरती कशी चालते ते माझी मैत्रीण दाखवेल, मी तिच्याशी बोलून ठेवलंय.