कांजीवरम आधी पालथी घाला

साडी खांद्यावर टाकून आरशात बघायची घाई सगळ्यांनाच असते. कांजीवरम घेताना मात्र दुकानदाराला ती आधी पालथी पसरायला सांगा. सुलटीकडून झाडून सगळ्या साड्या देखण्या दिसतात. मागावर किती मेहनत झालीय ते उलट्या बाजूला कळतं.

सुरुवात काठापासून करा. कांचीपुरमच्या जुन्या पद्धतीत अंग आणि काठ यांचे आडवे धागे वेगवेगळे असतात. तमिळमध्ये या विणीला कोर्वै म्हणतात. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे दोन. एका माणसाचे हात पुरत नाहीत, म्हणून विणकराशेजारी मदतनीस बसतो आणि एका बाजूच्या काठाचा धोटा तो सांभाळतो. प्रत्येक ओळीला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवायचा. अशा साडीला दोघांचे १०-१५ दिवस सहज जातात, नक्षी भरगच्च असेल तर त्याहून जास्त.

ओळखायची खूण रंगात आहे. समजा अंग हिरवं आणि काठ अरक्कू, म्हणजे लाखेसारखा तांबडा. कोर्वै असेल तर काठ निखळ तांबडा दिसतो, कारण त्याचे उभे-आडवे दोन्ही धागे तांबडेच असतात. एकाच धोट्याने विणली असेल तर अंगाचा हिरवा धागा काठातूनही जातो आणि काठ हलवला की हिरवट झाक मारतो. ही धूपछाँवही छान दिसते, तिला नकली म्हणायचं कारण नाही. फक्त कोर्वैचे पैसे देऊ नका.

मग जोडावरून बोट फिरवा. उलट्या बाजूला बारीक कंगोरा लागायला हवा. तो भाग उजेडासमोर धरा. ओळीने भोकं दिसली तर धागे नीट अडकलेले नाहीत, तिथून पुढे काठ सुटू शकतो. दुसरा दोष जास्त आढळतो: अंग आणि काठाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, सारखा ताण नसला की काठ आखडतो आणि त्याच्या लगतचं अंग फुगतं. हातात धरून हे कळत नाही. मीटरभर साडी सपाट टेबलावर पसरा, लाटा लगेच दिसतील. ‘पॉलिशला दिली की बसेल’ असं सांगतात. नाही बसत.

पदर वेगळ्या रंगाचा असेल तर तिथे पेट्नी आहे का बघा. अंगाचे उभे धागे संपवून पदराच्या रंगाचे नवे उभे धागे एकेक करून त्यांना जोडतात. आपल्याकडे इरकलीचा टोपपदर जोडतात, त्याच जातीचं काम, पद्धत मात्र निराळी. पेट्नीत जुने आणि नवे धागे थोडा वेळ एकत्र विणतात, त्यामुळे तेवढा पट्टा जाड आणि दोन्ही रंगांचा मिसळलेला दिसतो. नंतर जुने धागे मागून कापतात. त्या कापलेल्या टोकांची झालर उलट्या बाजूला राहते. पुष्कळ जणी ती दोष समजून साडी बाजूला ठेवतात!

आता जरी. खऱ्या जरीत रेशमाच्या, बहुधा तांबड्या, धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. ब्लाउजपीसच्या कडेचा एखादा धागा दुकानदाराकडून मागून घ्या आणि नखाने खरवडा. आत पांढरी चांदी आणि तिच्याखाली तांबडं रेशीम दिसलं तर ठीक. तार लालसर निघाली तर ती तांब्याची, म्हणजे ‘टेस्टेड’ जरी. नुसत्या तांबड्या धाग्यावर भुलू नका, हल्ली पॉलिएस्टरही तांबडं रंगवतात. तो धागा जाळला की भेद कळतो: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. वजनावरही जाऊ नका, तांब्याची जरीसुद्धा साडी जड करते. आणि साडीला लावलेलं ‘सिल्क मार्क’ हे प्रमाणचिन्ह फक्त रेशमाची हमी देतं, जरीची किंवा हातमागाची नाही.

घरी आणल्यावर पहिली चूक फॉलची होते. सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. तो आणि साडीचा काठ नंतर वेगवेगळे आटले तर निऱ्यांखाली चुण्या पडतात. टाके हातानेच घाला, सैलसर.

अत्तर किंवा स्प्रे साडी नेसायच्या आधी मारून वाळू द्या, जरीवर पडला की ती काळवंडते. साडी सोडल्यावर लगेच घडी घालू नका, सावलीत काही तास पसरून घाम वाळू द्या. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, पाणी न शिंपडता. रेशमावर पाण्याचे डाग राहतात.

कपाटात प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. जुनी धुतलेली मलमल उत्तम. डांबरगोळ्या साडीला टेकू देऊ नका. तीनेक महिन्यांनी घडी मोडा आणि पुन्हा घालताना दुमड दोन बोटं सरकवा. जरीची तार एकाच रेषेत वर्षानुवर्षं दुमडून राहिली की शेजारचं रेशीम कापते. मग साडी फाटते ती बरोबर घडीवरच, आणि तिथे रफू टिकत नाही.