पाण्याची एक ओळ

सोलापूर, रविवार, रात्री साडेदहा

आतेभावाला पुण्याच्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी लागते आहे. संध्याकाळी गच्चीवर त्याने विचारलं, "ताई, जाऊ का नको?" मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. सकाळी जे बघून आले ते डोक्यातून जात नव्हतं.

सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले होते. मीही अशाच, धंद्यांना सल्ला देणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका टॉवेल कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. माग वारंवार का थांबतात, ते शोधायचं होतं. तीन आठवडे मी स्टॉपवॉच घेऊन मागांच्या मधल्या बोळात उभी असायचे. आडव्या धाग्याची कांडी संपली की माग थांबतो, कामगार धोट्यात नवी कांडी घालतो, माग सुरू. त्यात फार वेळ जात नाही. वेळ जातो तो ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की. तुटलेलं टोक हुडकायचं, गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायचं, तोवर शेजारचा माग बंद पडलेला. मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "उन्हाळ्यात सूत कोरडं पडतंय की ओ ताई, तुटणारच." तेच मी नोंदी ठेवून सिद्ध केलं आणि शेडमध्ये बारीक तुषार सोडणारी पाइपलाइन सुचवली. हवेत ओलावा राहिला की सुती धागा तग धरतो. मालकांना पटलं. पुढच्या सोमवारी मी इंदूरला, एका हॉस्पिटलच्या कामावर.

आज पहिल्यांदा परत गेले. पाइप लागलेत, पण एकाच शेडला, आणि त्यातलेही निम्मे नोझल बंद. मामांनी एक काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तोंडाशी पांढरा क्षार बसलेला, नखाने खरवडला तरी निघेना. नळाचं पाणी पुरेना म्हणून बोअरचं जोडलं होतं. उजनीचं पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं, आई पिंपं भरून ठेवते, ते बघतच मी वाढले. आणि माझ्या चाळीस स्लाइड्समध्ये पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. फार लागलं मनाला.

या नोकरीत मला खुपतं ते एवढंच. उशिरा रात्री, टाइमशीट, प्रोजेक्ट नसताना बेंचवर बसण्याची धाकधूक, हे सगळं सोसता येतं. ठरलेल्या वर्षांत बढती नाही तर बाहेरची वाट, हा अनेक मोठ्या फर्मचा रिवाजही माहीत असला की पचतो. पण आपण सांगितलेलं पुढे चाललं का, अडलं तर कुठे, हे बघायला आपण तिथे नसतो. फी मिळाली की काम संपलं.

तरी या नोकरीने मला काय दिलं, तेही लिहायला हवं. बाबांच्या डोक्यावरचं कर्ज याच पगारातून फिटलं. चार वर्षांत सूतगिरणी, शीतगृह, हॉस्पिटल आतून बघितलं. एका जागी बसून ते वीस वर्षांत झालं नसतं. वयाने दुप्पट असलेल्या मालकाला न घाबरता "याचा हिशेब दाखवा" म्हणायला शिकले. हिशेबावरून आठवलं, मॅकिन्झी या नावाजलेल्या कन्सल्टिंग फर्मची सुरुवात १९२६ मध्ये शिकागोत हिशेबशास्त्राच्याच एका प्राध्यापकाने केली. आकड्यांतून धंद्याची नाडी बघायची, ही विद्या खरी आहे, आणि पंचविशीच्या आत शिकायला मिळाली तर आयुष्यभर पुरते. फक्त मामांसारख्या माणसाचं ऐकून घ्यायला तिथे कोणी शिकवत नाही. ते इथूनच न्यावं लागतं.

भावाला आत्ताच मेसेज केला: जा, दोन-तीन वर्षं मन लावून कर, आणि जिथे काम करशील तिथल्या एका तरी माणसाचा नंबर जपून ठेव, सहा महिन्यांनी फोन कर.

मामांचा नंबर मी आज घेतला. नोझल रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलंय. उद्या पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची आहे. पुण्यात पोचले की क्षार अडवणारा फिल्टर कुठे मिळतो ते बघते, आणि बुधवारपर्यंत मामांना कळवते.