बापाची बाजू

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा, वायमार, जर्मनी

पाय जाम दुखतायत आणि घसा बसलाय, तरी लिहून ठेवते नाहीतर उद्या विसरेन.

समर स्कूलचा आज सहावा दिवस. एकोणीस पोरं, १५ ते १७ वयाची, सात देशांतली, आणि मी बेट्रॉयरिन, म्हणजे शिकवायचं दुसऱ्यांनी आणि मी फक्त डोकी मोजायची, हरवलेले चार्जर शोधायचे, रात्री दहानंतर कॉरिडॉरमधे उभं राहून श्श्श करायचं. लाइपझिगहून सुट्टी टाकून आलेय. नवरा म्हणाला सुट्टीत कोणी परक्यांची पोरं सांभाळतं का, त्याचंही खरंच आहे म्हणा.

पहिले चार-पाच दिवस नेहमीचं झालं. थिएटरसमोरचा तो गटे आणि शिलर या दोन जर्मन कवींचा पुतळा, १८५७ चा, त्यात दोघं सारख्याच उंचीचे केलेत, खरं तर शिलर चांगलाच उंच होता, पोरांना एवढंच लक्षात राहिलं. गटेच्या घरात एकाने विचारलं इथे एसी का नाही.

पण आज जवळच्या टीफुर्टला गेलो आणि सगळं बदललं. इल्म नदीच्या काठाने चालत, मधे दोघींच्या चपला तुटल्या, पण सावली मस्त. तिथल्या बागेत नदीकाठी १७८२ च्या जुलैत गटेचं एक छोटं संगीत नाटक झालं होतं, उघड्यावर, रात्री. कोळ्याची मुलगी बाप आणि होणारा नवरा जेवायला वेळेवर येत नाहीत म्हणून वैतागलेली, आणि काम करता करता गाणं म्हणते. ते गाणं म्हणजे एर्लक्योनिग! जी कविता जर्मन पोरांना शाळेत घोकायला लावतात ती मुळात एका चिडलेल्या मुलीच्या तोंडी होती, हे मला इतकी वर्षं इथे राहून आजच कळलं. कोरोना श्र्योटर नावाच्या नटीने ते म्हटलं आणि चालही तिचीच, ज्याची चाल आज सगळ्यांना माहीत आहे तो संगीतकार शुबर्ट तर तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याने १८१५ मधे चाल लावली तेव्हा तो १८ वर्षांचा होता हे ऐकून आमच्यातला जॉर्जियाचा पियानोवाला एकदम गप्प झाला, त्याला पुढच्या वर्षी १८ पूर्ण होतील.

आणि नावाची गंमत वेगळीच. हे नाव आलं एका डॅनिश लोकगीतावरून, त्यात होता एल्फांचा म्हणजे यक्षांचा राजा, हेर्डर नावाच्या जर्मन लेखकाने भाषांतर करताना त्याचा एर्लचा, म्हणजे आल्डर झाडांचा राजा करून टाकला, आणि गटेने तोच उचलला. एका चुकीच्या शब्दामुळे जंगल जास्तच भीतीदायक झालं असं मला वाटतं.

मग गवतात बसून वाचन. बाप पोराला, बहुधा आजारी असलेल्या, घोड्यावर घेऊन रात्री चाललाय, पोराला एर्लक्योनिग दिसतो, ऐकू येतो, आणि बाप प्रत्येक वेळी समजूत घालतो, अरे तो धुक्याचा पट्टा, अरे ती सुकी पानं वाऱ्यात वाजतायत, अरे ती म्हातारी वाळुंजाची झाडं. शेवटी घरी पोचतो तेव्हा पोर गेलेलं.

सगळी पोरं बापावर तुटून पडली. ऐकून का घेत नाही, मोठी माणसं अशीच, एक पोलंडची मुलगी तर रडवेली होऊन बोलत होती, मला वाटतं कवितेपलीकडचं काहीतरी होतं. आणि मी, जिने तोंड उघडायचं कारण नव्हतं, मी मधेच बोलले, की अरे त्याच्याकडे दुसरं काय होतं म्हणायला? अंधार, ताप, घर लांब. हो रे बाळा भूत आहे असं म्हणायचं का?

कारण मी म्हटलंय ना तेच. लेक चार वर्षांची असताना १०३ ताप, दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात, कोपऱ्यात कोणीतरी उभंय म्हणत होती आणि मी काही नाही गं, पडदा हलतोय, काही नाही गं, पडदाच आहे, असं पहाटेपर्यंत म्हणत राहिले. खिडकी बंद होती. हे त्यांना नाही सांगितलं.

तर तो जॉर्जियाचा मुलगा शांतपणे म्हणाला, शेवटचं कडवं बघा, बाप शहारतो आणि घोडा जोरात पिटाळतो, म्हणजे त्यालाही माहीत होतं. पळवायचं होतं तर आधीच पळवायचा ना. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाहीये. मग शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलं की निवेदक सगळं वर्तमानकाळात सांगतो आणि फक्त शेवटच्या तीन-चार शब्दांत भूतकाळ येतो, पोर मेलं होतं. कोणी काहीच बोललं नाही बराच वेळ, मग कोणाच्या तरी डब्यातले चिप्स वाजले.

परत येताना सगळे काठावरची झाडं फोनवर तपासत होते यातलं एर्ल कुठलं म्हणून, आणि मागून कोणीतरी कवितेतल्या पोरासारखं माइन फाटर माइन फाटर, म्हणजे बाबा बाबा, ओरडत दचकवत होतं. ब्राटवुर्स्टच्या, म्हणजे भाजलेल्या सॉसेजच्या, गाडीवर मी फक्त ब्रेड आणि मोहरी खाल्ली, नेहमीसारखी.

शुक्रवारी सादर करायचंय. निवेदकाला तीन जण तयार, एर्लक्योनिगसाठी तर भांडणं झाली, पोराचं काम पोलंडची मुलगी करणार. बाप व्हायला कोणीच तयार नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मिठाच्या गुळण्या करून झोपते. सकाळी लेकीला फोन.