डांबरीवर उतरलेले विमान आणि कलमाचा शोध

“साहेब, डांबरीवर इमान उतरलंय. पडलं न्हाई, उतरलंय,” एवढे सांगून पोलीस पाटलांनी फोन ठेवला. वाक्याचा दुसरा भाग त्यांनी मुद्दाम जोडला होता, आणि त्यातला फरक किती महत्त्वाचा आहे हे मला त्या दिवशी रात्री उशिरा, कायद्याची पुस्तके उघडून बसल्यावर कळले.

डिसेंबर २०१८ मधली ही गोष्ट आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. आमच्या डोक्यावरून शिकाऊ विमाने जाणे नवीन नव्हते. राज्यात बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक घडवले जातात आणि ही मुले एकट्याने लांबच्या उड्डाणाचा सराव करताना खेड्यापाड्यांवरून जातात. शेतात वाकलेली माणसे आवाज आला तरी मान वर करत नाहीत, इतकी त्याची सवय झालेली. आदल्या रात्री अवकाळी पाऊस शिंतडून गेला होता, सकाळी आभाळ भरलेले होते आणि हवेत डिसेंबरला न शोभणारा दमटपणा होता. बीट हवालदारांना बरोबर घेऊन मी निघालो.

गावाच्या अलीकडे तो रस्ता सहाशे-सातशे मीटर सरळ जातो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि मध्यभागी पांढरे, दोन आसनी सेसना १५२ किंचित तिरके उभे. डावे चाक डांबरावर, उजवे साइडपट्टीच्या मुरुमात. टेपने मोजले तेव्हा डांबराची रुंदी साडेपाच मीटर भरली आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर दहा मीटरच्या वर. म्हणजे दोन्ही पंख रस्त्याच्या बाहेर, गवतावर लोंबत होते. या विमानाचे पंख छतावर असतात म्हणून ते कडेच्या दगडांवरून अलगद निघून गेले. पंख खाली असते तर पहिल्याच किलोमीटरच्या दगडाने एक तोडून घेतला असता. त्याच दगडावर तो वैमानिक बसला होता. विशीचा मुलगा, खांद्यावर एकच सोनेरी पट्टी, आणि हातातली पाण्याची बाटली थरथरत असल्याने झाकण लागत नव्हते. अमरावतीकडचा निघाला. त्याचा पहिला प्रश्न होता, “सर, गाडीवाल्या काकांना जास्त लागलं नाही ना?” आणि दुसरी विनंती, “पुढच्या पंख्याला कुणाला हात लावू देऊ नका.”

दुसरी विनंती मला आधी कळली नाही. इंजिन बंद आहे, किल्ली त्याच्या खिशात आहे, मग पंख्याची भीती कसली? त्याने समजावले की या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत बिघाड असेल आणि कुणी हौसेने पाते फिरवले, तर गरम इंजिन एखादा फेरा मारू शकते, आणि त्या एका फेऱ्यात हात जातो. तोपर्यंत दोनशे बघे जमले होते आणि निम्मे त्या पात्याला टेकूनच मोबाइलवर फोटो काढत होते. आमच्याकडे फीत वगैरे काही नव्हते. एका बैलगाडीवाल्याचे दोन कासरे घेतले, उसाची कांडी रोवली आणि वेढा घातला. पंखाखाली इंधनाचे थेंब पडत होते, फिकट निळ्या रंगाचे. एका आजोबांच्या तोंडातली विडी मला स्वतः काढून घ्यावी लागली.

मुलाने सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. जमिनीपासून अडीच हजार फुटांवर इंजिनाची शक्ती हळूहळू घटत गेली, त्याने शिकवलेले सगळे उपाय केले, ते लागू पडले नाहीत, आणि हातात उरली जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. खाली एक तर पुरुषभर उंचीचा ऊस, नाही तर नांगरून पाणी प्यालेली काळी राने. उसात शिरावे तर विमान अडकून उलटणार, नांगरटीत उतरावे तर पुढचे चाक रुतून पुन्हा तेच. त्याला शिकवले होते की रस्ता सहसा टाळावा, कारण वरून माणसे आणि वाहने उशिरा दिसतात आणि तारा तर दिसतच नाहीत. दिसतात ते खांब, आणि खांबांवरून तारांचा अंदाज करायचा. या तुकड्यावर खांबांची रांग एक शेत सोडून होती. त्याने रस्ता निवडला, आणि उतरता उतरता समोरून मोटारसायकल आली.

ती मोटारसायकल दूधवाल्या नानांची. समोरून आवाज न करता येणारे विमान पाहून त्यांनी गाडी सरळ चारीत घातली. कोपर सोलवटले होते, चारीतून दुधाचा ओघळ लांबवर गेला होता, आणि दोन कॅन उपडे करून त्यांवर बसून नाना माझी वाट पाहत होते. “साहेब, समोरनं ट्रक आला तर गुन्हा होतो ना? मग ह्येच्यावर का न्हाई? लिवून घ्या.” प्रश्न अगदी रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हते.

इकडे रस्ता तुंबला. कारखान्याचा हंगाम भरात होता. तासाभरात दोन-दोन ट्रेलर जोडलेले दहा-बारा ट्रॅक्टर मागे उभे राहिले. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटते, आणि वजन घटले की शेतकऱ्याचे पैसे घटतात. “ढकला की बाजूला, चार माणसांचं काम हाय,” असा धोशा सुरू झाला. ते खरेही होते, कारण रिकामे सेसना १५२ पाचशे किलोच्या आसपास भरते. परंतु विमान अपघात आणि घटनांच्या तपासाचे २०१७ चे नियम तेव्हा लागू होते, आणि अशी बातमी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाबरोबर जिल्हाधिकारी व जवळचे पोलीस ठाणे यांनाही कळवावी लागते, तसेच परवानगीवाचून विमानाला हात लावता येत नाही, एवढे मला नियंत्रण कक्षाकडून फोनवर समजले होते. त्याच नियमात एक सवलतही आहे: माणसे किंवा जनावरे बाहेर काढण्यासाठी, आगीपासून वाचवण्यासाठी, किंवा लोकांच्या व वाहतुकीच्या अडथळ्याच्या निवारणासाठी आवश्यक तेवढेच हलवता येते. मुंबईच्या अधिकाऱ्यांशी बोलणे होऊन त्यांचा होकार मिळेपर्यंत मी कुणालाही दोरीच्या आत येऊ दिले नाही. त्यानंतर, रस्ते अपघाताच्या जागेवर आम्ही नेहमी करतो तसे, तिन्ही चाकांभोवती चुन्याने खुणा केल्या, पहिल्या टायरच्या खुणेपासून पुढच्या चाकापर्यंतचे अंतर पंचांसमक्ष मोजले आणि मगच विमान मुरुमावर घेतले. ढकलताना मुलगा प्रत्येकाचा हात धरून योग्य जागी ठेवत होता. शेपटीचा पातळ पत्रा दाबला असता तर तिथेच दुमडला असता.

इथवर सगळे नियमाला धरून झाले, आणि चूक केली ती मीच. पंचनाम्यात नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्रे यांचा उल्लेख हवा म्हणून कागद काढायला मी स्वतः त्या चिंचोळ्या जागेत शिरलो. माझ्या देहाचा आकार त्या कक्षाचा विचार करून बनलेला नाही. बाहेर पडताना गुडघा समोरच्या फळीला लागला.

दुपारी मुंबईहून आलेले तपास अधिकारी आत डोकावले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की समोरच्या फळीवरचा, कार्ब्युरेटरला (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) गरम हवा देणारा दट्ट्या उतरताना आत होता की बाहेर, आणि त्यानंतर आत कोण बसले होते. मी बसलो होतो असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, नुसते वहीत लिहीत राहिले, आणि ते मला जास्त लागले. मग त्यांनी मला शांतपणे कारण समजावले. दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही, कार्ब्युरेटरच्या नळीत पेट्रोलची वाफ होताना आणि हवा आक्रसलेल्या वाटेतून जाताना तापमान इतके उतरते की आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. तो दट्ट्या ओढला की गरम हवा जाऊन बर्फ वितळतो. असे इथे घडले की नाही हे ते अजून म्हणत नव्हते, फक्त एक शक्यता तपासत होते. मला मात्र त्यातले एकच जाणवले: बर्फ असलाच तर तो इंजिनाच्या उरलेल्या उष्णतेने माझा फोन वाजण्याआधीच पाणी होऊन गेला होता. तीस वर्षांच्या नोकरीत वितळून जाणारा पुरावा मी प्रथमच पाहत होतो, आणि जो वितळणारा नव्हता त्याला मी गुडघा लावला होता.

सुटका केली ती नववीतल्या एका मुलाने. आम्ही पोहोचण्याच्या आधी, वैमानिक बाहेर उतरत असतानाच, त्याने खिडकीला मोबाइल लावून आतला फोटो काढला होता. शाळेत दाखवायला म्हणून जपून ठेवलेला. त्यात तो दट्ट्या बाहेर ओढलेला स्पष्ट दिसत होता. अधिकाऱ्यांनी तो फोटो त्याच्याकडून रीतसर घेतला. मुलाने पावती मागितली, आणि ती त्याला मिळाली.

संध्याकाळी सरपंचांनी एक सूचना आणली. विमानात काही मोडलेले दिसत नाही, रस्ता सरळ आहे, पोलिसांनी दोन्ही टोके अडवावीत आणि मुलाने उडून जावे. उत्तर प्रदेशात हायवेवर लढाऊ विमाने उतरतात आणि उडतात, टीव्हीवर दाखवतात, मग इथे काय हरकत? त्यांचे म्हणणे वरवर बिनतोड होते. २१ मे २०१५ रोजी मथुरेजवळ यमुना एक्सप्रेसवेवर हवाई दलाचे मिराज २००० उतरले होते, आणि पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळच्या राष्ट्रीय महामार्गावर तीन किलोमीटरची धावपट्टीच तयार झाली. पण ते तुकडे आधी ठरवून, खांब-दुभाजक बाजूला ठेवून आणि वाहतूक बंद करून वापरतात. निवडणुकीत शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरते तेव्हा त्या एका पांढऱ्या ‘एच’साठी बांधकाम विभागाचा दाखला, अग्निशमनाचा बंब आणि माझ्यासारख्या चार अधिकाऱ्यांचा बंदोबस्त लागतो, हे सरपंचांना माझ्याइतकेच माहीत होते. अधिकाऱ्यांनी सूचना ऐकून घेतली आणि म्हणाले, उतरताना त्याच्यापुढे पर्याय नव्हता, उडताना आहे. तपासणी झाल्याशिवाय हे इंजिन कुणीही सुरू करणार नाही. विमान पंख काढून ट्रेलरवरूनच जाईल.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी रात्री ठाण्यात बसलो. मोटार वाहन कायदा लागू होत नव्हता, कारण त्याच्या व्याख्येप्रमाणे वाहन रस्त्यावर वापरण्याजोगे बनवलेले असावे लागते, आणि विमानाला चाके असली तरी ते त्यासाठी बनवलेले नाही. भारतीय दंड संहितेचे कलम २८३, सार्वजनिक वाटेत अडथळा, दंड दोनशे रुपयांपर्यंत. ते शब्दाने लागू होत होते. बेदरकार वाहन चालवण्याचे २७९ आणि लोकांच्या जिवाला धोका पोहोचवण्याचे ३३६, यांसाठी बेदरकारपणा दाखवावा लागला असता, आणि खांब मोजून रस्ता निवडणाऱ्याला बेदरकार कसे म्हणावे? १९३४ च्या विमान कायद्यात लोकांना धोका होईल असे उडवणे हा गुन्हा होता, पण त्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द होता. विमानतळाचा परवाना लागतो तो नियमित आणि भाडे घेऊन होणाऱ्या वाहतुकीसाठी. संकटात सापडलेल्या वैमानिकाला तर सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढे हवाई नियम बाजूला ठेवण्याची मुभाच आहे. सरकारी वकिलांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच आकडा सांगितला: दंड संहितेचे कलम ८१. मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता, सद्भावनेने केलेले कृत्य, त्यात दुसरी हानी संभवत असली तरी, गुन्हा ठरत नाही. आता दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, विमान कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, पण हे तत्त्व न्याय संहितेत कलम १९ म्हणून तसेच टिकले आहे. पाटलांचे ‘पडलं न्हाई, उतरलंय’ मला तेव्हा पुन्हा आठवले. त्या मुलाने ते विमान पडू दिले नव्हते, आणि रस्ता अडला होता तो त्याचमुळे.

दुसऱ्या दिवशी नानांना मी हे सगळे वाचून दाखवले. गुन्हा होत नाही म्हणजे भरपाई होत नाही असे नाही, हेही सांगितले. प्रशिक्षण संस्थेच्या माणसाने दुधाचे, दवाखान्याचे आणि वाकलेल्या हँडलचे पैसे माझ्यासमोर दिले. नानांनी ते दोनदा मोजले आणि पंचनाम्याची एक नक्कल मागितली. सासुरवाडीत कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी रात्री ट्रेलर निघाला. धड मध्ये, आणि दोन्ही पंख मंडपवाल्याकडून आणलेल्या गाद्यांत गुंडाळून बाजूंना बांधलेले. गावच्या फाट्यावर मी त्याला थांबवले. पंखांची टोके मागे हातभर बाहेर आली होती आणि त्यांवर ना लाल कापड होते, ना दिवा. चालक म्हणाला, “साहेब, विमान आहे.” मी म्हणालो, ते उतरले तेव्हा विमान होते, आता माल आहे. तीन दिवस शोधलेले कलम अखेर लागू झाले, आणि मी ट्रेलरवाल्याची पावती फाडली.