ठाणे ते भंडारदरा विजेच्या गाडीने: एकोणीस टक्के आणि एक बादली पाणी

भंडारदऱ्याचे काजवे बघायचे हे आमच्या घरात चार वर्षं नुसतं बोललं जात होतं. यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी निघालोच, आणि आमच्या विजेच्या गाडीने निघालो. मी, अमेय, सासूबाई आणि नऊ वर्षांचा ईशान. घर ठाण्यात मानपाड्याला. तिथून धरणाजवळचं शेंडी गाव साधारण १४५ किलोमीटर. पेट्रोलची गाडी असती तर टाकी भरायची आणि निघायचं, एवढंच होतं. विजेच्या गाडीला परतीच्या १४५ किलोमीटरची वीज कुठून येणार हे निघायच्या आधी ठरवावं लागतं. आम्ही ते ठरवलं होतं. एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला, आणि त्यानेच आमची संध्याकाळ खाल्ली. तुमची खाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी जुन्या, लहान बॅटरीची. ३०.२ किलोवॅट-तास, कागदावर ३१२ किलोमीटर. चार माणसं, सामान, एसी आणि सत्तर-ऐंशीचा वेग धरला की खरा आकडा २०० ते २१०. हे मी गाडीतल्या वहीवरून सांगते. मापाचं ठिकाण आलं की बाजूला बसलेल्याने टक्के लिहायचे, असा आमच्याकडे नेमच आहे. ज्यांना रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याची, धाकधूक वाटते त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: समोर दिसणाऱ्या किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, टक्के बघा. तो किलोमीटरचा आकडा म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत गाडी कशी चालवलीत त्यावरून काढलेला अंदाज. पुढे घाट आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच तो चढावर धाडकन खाली येतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो.

सकाळी दहाला १०० टक्क्यांवर निघालो. साकेत पूल, खारेगाव, मानकोली, रांजणोली, हा पट्टा ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. रुंदीकरणाची कामं, त्यात गोदामांकडे वळणारे कंटेनर. वडप्यापर्यंतच्या बावीस-तेवीस किलोमीटरना सव्वा तास लागला. सासूबाई मागून दोनदा म्हणाल्या, "अगं, नुसती उभी आहे, अशाने चार्जिंग संपायचं नाही ना?" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते, म्हणून त्यांना दिलेलं उत्तर इथेही देते. गाडी उभी असताना मोटर काही खात नाही. खातो तो एसी, तासाला साधारण एक युनिट (एक किलोवॅट-तास), म्हणजे आमच्या बॅटरीचे तीन-चार टक्के. वाहतूक कोंडीने विजेची गाडी वाटेत बंद पडत नाही. तिचा खरा शत्रू मोकळा रस्ता. सत्तरचे नव्वद केलेत की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तो सगळा बॅटरीतून जातो. वडप्याला आम्ही ९० टक्क्यांवर होतो. पुढे पडघ्यापासून रस्ता मोकळा झाला आणि मी काटा पंचाहत्तरच्या वर जाऊ दिला नाही. आसनगावला ७५, कसारा घाटाच्या पायथ्याशी ५८.

आता घाटाचं गणित, कारण लोक त्याला उगाच घाबरतात किंवा त्याचा विचारच करत नाहीत. ठाणं समुद्राच्या पातळीला, इगतपुरी साधारण ६०० मीटरवर. माणसं-सामान धरून गाडी सतराशे किलोची. एवढं वजन ६०० मीटर वर उचलायला लागतात पावणेतीन युनिट. आमच्या बॅटरीचे नऊ-दहा टक्के. चढाचं एकूण ओझं एवढंच. यातला अर्धा-अधिक चढ कसारा घाटाच्या तेवढ्याशा टप्प्यात असल्यामुळे तिथे आकडे भराभर उतरतात आणि वाटतं आता संपलंच. संपत नाही. घाट चढून वर आलात की घसरण थांबते. इगतपुरीला ४३ टक्के.

बेत असा होता की इगतपुरीच्या आसपास एका हॉटेलच्या आवारातल्या जलद चार्जरवर गाडी लावायची, जेवण करायचं आणि ऐंशीच्या पुढे नेऊन उठायचं. ॲपवर चार्जर हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात त्याच्यापुढे डिझेलची मोठी गाडी आडवी लावलेली. मालक आत जेवत होता, त्याला सांगितल्यावर त्याने लगेच काढली. पण गाडी लावून बघते तर चार्जरचा पडदा काळा. मदत क्रमांकावर बारा मिनिटं बोलले. त्यांनी दुरून तो दोनदा बंद-चालू केला, तरी उपयोग झाला नाही. हॉटेलचा वेटर म्हणाला, "परवाच्या विजा पडल्यापासून असंच आहे." ॲपला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. म्हणून ॲपवर नुसता हिरवा रंग बघू नका, तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघा. काही ॲपवर ते दिसतं. काल-आज कुणीतरी चार्ज केलं असेल तरच त्या चार्जरवर बेत बांधा. आणि हॉटेलात फोन करून विचारा. हॉटेलवाल्यांना नेमकं माहीत असतं.

घोटीवरून शेंडीला अजून पंचेचाळीस किलोमीटर, आणि धरणाचा परिसर इगतपुरीहूनही शे-दीडशे मीटर उंच. हिशेबाने वीस टक्क्यांच्या आसपास पोचणार होतो. तिथून परत इगतपुरीपर्यंत यायलाही तेवढेच लागणार. म्हणजे मुक्कामी वीज मिळालीच पाहिजे, दुसरी वाट नाही. अमेयचं म्हणणं होतं नाशिकच्या दिशेने पुढे जाऊन दुसरा चार्जर शोधू. मी मुक्कामाच्या मामांना फोन लावला. मामा म्हणजे जिथे उतरणार होतो त्या घराचे मालक. आठवड्यापूर्वी विचारलेलंच पुन्हा विचारलं, "मामा, मोठ्या पिनचा प्लग आहे ना?" "आहे की ताई, मोटारीचाच आहे, विहिरीच्या. या तुम्ही." तेवढ्यावर निघालो.

घोटी सोडल्यावरचा रस्ता या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग. आदल्या दिवशी वळीव पडून गेला होता, शेतं नांगरून ठेवलेली, आणि बारी गावाशी कळसूबाईचा डोंगर अंगावर आल्यासारखा समोर उभा राहतो. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. ईशान खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. मी मात्र टक्के बघत होते, याचं मला आजही वाईट वाटतं. चार माणसांच्या सहलीतला हा सगळ्यात चांगला पाऊण तास मी एका आकड्याला दिला. धाकधूक खरी इथे नुकसान करते. गाडी बंद पडली नाही, पण डोळ्यांसमोरून कळसूबाई गेली.

साडेतीनला पोचलो. १९ टक्के.

विहिरीच्या खोलीत पंधरा ॲम्पियरचा प्लग होता, मामांनी सांगितल्यासारखाच. केबल लावली, आणि केबलवरच्या चार्जिंगच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. काढून लावली, परत लाल. आमच्या डब्यावर त्या लुकलुकण्याचा अर्थ एकच: अर्थिंग मिळत नाही. हा डबा चार्जिंग सुरू करण्याआधी जमिनीची जोडणी तपासतो आणि ती नसेल तर वीज सोडतच नाही. विहिरीची मोटर, मिक्सर, फ्रिज ही यंत्रं अर्थिंगविना मुकाट चालत राहतात, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. मी मामांना प्लग आहे का विचारलं होतं, अर्थिंग आहे का हे नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, ईशानला घेऊन अंगणात बसल्या. मामांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. तो सहाला आला. पंचविशीतला मुलगा, हातात टेस्ट लॅम्प. त्याने फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून दाखवला: काजव्याएवढा मिणमिणता. मग फेज आणि न्यूट्रलवर लावला, तर लख्ख. "वायर आहे ताई, जमीन सुकलीये," म्हणाला. विहिरीच्या खोलीमागे अर्थिंगचा खड्डा होता, वर दगड, आत कोळसा-मीठ कधीकाळी भरलेलं. एका वळवाने वरची माती भिजली होती, खाली उन्हाळाभराचं कोरडंच. त्याने दगड सरकवला, गंजलेला नट घासून आवळला, मामींनी ओंजळभर खडेमीठ आणून दिलं आणि विहिरीतून शेंदलेली बादली खड्ड्यात रिकामी केली. पाणी बुडबुड करत आत गेलं. दुसरी बादली, तिसरी. दहा मिनिटं थांबून पुन्हा बल्ब लावला. या वेळी झकास पेटला. केबल लावली. हिरवा दिवा.

हे वाचून कुणी म्हणेल की अर्थिंग नसताना चार्ज करायच्या पिना बाजारात मिळतात, प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून देणाऱ्या. कृपा करून त्या वापरू नका. डब्याची फसवणूक होते आणि चार्जिंग सुरू होतं, पण उद्या वायरिंगमध्ये दोष आला तर वीज गाडीच्या पत्र्यावर येऊ शकते. अंगणात पोरं खेळतात, गाडीला हात लावतात.

मुक्कामाच्या घरी फोन करताना चार गोष्टी विचारा. मोठ्या पिनचा प्लग आहे का. त्याची अर्थिंग वायरमनकडून तपासून ठेवाल का, त्याचे पैसे आम्ही देतो. गाडी प्लगपासून किती अंतरावर उभी राहील. आणि रात्री वीज जाते का. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर जाड तांब्याच्या वायरची स्वतःची न्या आणि पूर्ण उलगडून पसरवा, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. पहिल्या तासाभराने प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम असेल तर चार्जिंग थांबवा. पैशाचं आधीच बोला. आम्ही वीस युनिटांचे ३०० रुपये दिले, मामा घेत नव्हते, पण ते त्यांच्या बिलात येणार होतं.

चार्जिंग सुरू झालं तेव्हा सात वाजले होते. जेवून अंधारात बाहेर पडलो, गाडी अर्थातच तिथेच. काजव्यांसाठी गाडी लागतही नाही, आणि नेऊही नका. दिव्यांच्या झोताने काजवे विझतात. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशा झाडांवर ते बसतात आणि अख्खं झाड एका लयीत पेटतं, विझतं. आम्ही मामांच्या मागोमाग टॉर्च खाली धरून गेलो. परत आलो तेव्हा गाडीच्या नाकावरचा चार्जिंगचा दिवा अंगणभर उजेड टाकत होता. शेजारच्या जांभळावर दोन-चार काजवे होते, म्हणून ईशानने आपली टोपी त्या दिव्यावर घातली.

रात्री दोन तास वीज गेली, व्होल्टेजही कमी होतं. सकाळी आठला ८२ टक्के. मला १०० हवे होते. निघाल्याबरोबर मोठा उतार लागणार असेल तर मात्र पूर्ण भरलेली बॅटरी तोट्याची असते. उतारावर मोटर जी वीज परत तयार करते ती ठेवायला भरलेल्या बॅटरीत जागा नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यालाच मुक्काम असेल तर नव्वदच्या आत थांबा.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर या वेळी राहिलं, जाऊन-येऊन वीज पुरेल याची खात्री नव्हती. धरणावर मात्र गेलो. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर वीज तयार होते हे ईशानला सांगितल्यावर त्याने विचारलं, "मग आपल्या गाडीत तीच आहे?" थोडी असेलही.

परतीला कसारा घाट उतरताना टक्के दोनने वाढले. जाताना ८१ खर्च झाले होते, येताना ६१. मानपाड्याला २१ टक्क्यांवर पोचलो, वाटेत कुठेही न लावता.

समृद्धी महामार्गाबद्दल विचारणारे बरेच असतील. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, इगतपुरीजवळ आठ किलोमीटरचा बोगदाही आहे. वेळ नक्की वाचतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना तिथे टोलमाफी आहे, फास्टॅगमधून पैसे कापले गेले का तेवढं मोबाइलवर बघा. पण बोगद्याने घाट वाचतो, चढ वाचत नाही. उंची तेवढीच चढायची असते, आणि त्या रस्त्यावर पाय आपोआप शंभरवर जातो. मोठ्या बॅटरीची गाडी असेल तर खुशाल जा. तीस किलोवॅट-तासवाल्यांनी जुनाच महामार्ग धरावा. शहापूर, खर्डी, कसारा अशी दर थोड्या अंतरावर गावं आहेत, कुठेही वळून एखादा प्लग मागता येतो.

परवा मामांचा फोन आला होता. त्यांनी नवा खड्डा खणून तांब्याची पट्टी घातली आहे आणि वायरमनकडून तपासून घेतलं आहे. प्लगही विहिरीच्या खोलीतून काढून अंगणाच्या भिंतीवर आणलाय. पुढच्या वेळी रतनवाडी.